वृद्धाश्रमात रात्री कूस कोण बदलते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत वृद्धाश्रम किंवा ‘केअर सेंटर’ या नावाने चालणारी निवासी केंद्रे आता कोणाला नवी राहिलेली नाहीत. मुले पुण्याला, हैदराबादला किंवा त्याही पलीकडे नोकरीला गेलेली, घरात दोन म्हातारी माणसे आणि त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले, अशी घरे प्रत्येक पेठेत सापडतात. तेव्हा अशा केंद्रांची गरज भासते यात नवल नाही आणि तिथे आईवडिलांना ठेवणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतूही नाही. माझे म्हणणे एका मर्यादित गोष्टीपुरते आहे. जो निवासी स्वतःहून कूस बदलू शकत नाही, उठून बसू शकत नाही किंवा आधाराशिवाय उभा राहू शकत नाही, त्याची हालचाल त्या केंद्रात कोण करून घेते, कशी करून घेते आणि किती वेळाने करून घेते, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही. जेवण कसे आहे, खोली हवेशीर आहे का, महिन्याचे किती घेतात, हे सगळे विचारले जाते. मी परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी बोलावले की अशा केंद्रांत अधूनमधून जाते, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

अडचणीचे मूळ केंद्रांच्या रचनेतच आहे. बहुतेक जुने वृद्धाश्रम ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या’ वृद्धांसाठी सुरू झाले. प्रवेश अर्जावर तशी अट असते, आणि माणूस येताना खरोखरच हातात पिशवी घेऊन चालत येतो. पण तो तिथे राहून आणखी म्हातारा होतो. सातआठ वर्षांनी तो पडतो, खुबा मोडतो किंवा लकवा मारतो, आणि संस्था त्याला माणुसकीपोटी बाहेर काढत नाही. इमारत मात्र चालत्या-फिरत्या माणसांसाठी बांधलेली, कर्मचारी स्वयंपाक आणि झाडलोट करणारे, आणि रात्री दारापाशी एक पहारेकरी. अशा ठिकाणी पाचसहा माणसे अंथरुणाला खिळली की संस्थेचे रूपांतर, कोणी न ठरवता, शुश्रूषागृहात झालेले असते. फक्त शुश्रूषा करणारे कोणी नसते.

निरोगी माणूस झोपेतही एका जागी पडून राहत नाही. कुठे दाब वाढला की झोप न मोडता तो कूस पालटतो, पाय दुमडतो, अंगाखालचा हात काढून घेतो. अर्धांगवायू झालेला, कंपवाताने ताठरलेला किंवा विस्मृतीच्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस हे करू शकत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या कातडीतल्या आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या दबून राहतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच इजेला सुरुवात होऊ शकते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा आधी जातात, कारण तिथे हाडावर मांस कमी असते. स्नायू कातडीच्या आधी मरतो, म्हणून वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत पुष्कळ खोल पसरलेली असू शकते, आणि नातेवाईक महिन्याने भेटायला येऊन ‘एवढ्यात एवढे कसे झाले?’ असे विचारतात तेव्हा त्याचे उत्तर बहुधा हेच असते. सतत दाबाने होणाऱ्या या जखमांच्या, म्हणजे बेडसोरच्या, चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत कातडी फुटलेली नसते, चौथीत हाडापर्यंत किंवा स्नायूबंधांपर्यंत जखम गेलेली असते. पहिल्या पायरीवर दाब काढला तर ती जागा पुष्कळदा पूर्ववत होते. चौथ्या पायरीवर महिने जातात, जंतुसंसर्ग रक्तात उतरतो आणि अशक्त माणूस त्यात दगावतो.

पहिली पायरी ओळखण्याची रीत पुस्तकांत अशी दिलेली असते की, लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचलावे. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, आणि लालच राहिली तर इजा सुरू झाली असे समजावे. ही रीत गोऱ्या कातडीवर चालते. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, फार तर जागा थोडी जांभळट किंवा गडद वाटते, म्हणून इथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा लागतो. आजूबाजूच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा थंड लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावताच आजी तोंड वाकडे करतात का, हे अंग पुसताना दिवसाच्या उजेडात रोज पाहिले गेले पाहिजे. ट्यूबलाइटच्या उजेडात, चादर अर्धवट वर करून हे काम होत नाही.

किती वेळाने कूस बदलावी याविषयी ‘दर दोन तासांनी’ हे उत्तर रुग्णालयातल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. अलीकडच्या अभ्यासांनी त्यात थोडी सवड दिली आहे. अमेरिका आणि कॅनडातील नर्सिंग होममध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगल्या घन फोमच्या गादीवर झोपणाऱ्या निवासींना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवल्यास जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही सगळ्यांना एकच वेळापत्रक न लावता माणूस, त्याची कातडी आणि त्याची गादी पाहून अंतर ठरवावे असे म्हटले आहे. परंतु हा निष्कर्ष सांगून रात्रभर न वळवण्याचे समर्थन करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या अभ्यासातील गाद्या उत्तम होत्या आणि प्रत्येक वेळी कातडी पाहून नोंद ठेवली जात होती. आपल्याकडे दबून दगड झालेली कापसाची गादी, तिच्यावर मेणकापड, त्यावर सुरकुतलेली चादर आणि नोंदवही नाही, अशी स्थिती असताना दोन तासांचा जुना नियम पाळणेच शहाणपणाचे आहे. कोणाला जास्त धोका आहे हे ठरवण्यासाठी १९८७ पासून ‘ब्रेडन मापन’ नावाचे एक साधे कोष्टक वापरात आहे. संवेदना, ओलसरपणा, चालणे-फिरणे, हालचाल करण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३ पैकी १८ किंवा त्याहून कमी भरले तर धोका आहे असे समजायचे. एका पानावर मावणाऱ्या या कोष्टकाला खर्च काहीच नाही, तरी ते भरलेले मी आपल्याकडच्या एकाही वृद्धाश्रमात पाहिलेले नाही.

वळवण्याचीही पद्धत आहे. माणसाला भिंतीसारखे सरळ नव्वद अंशांत कुशीवर उभे केले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांइतकेच कलते ठेवावे, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी द्यावी आणि खालचा खांदा अंगाखाली चेंगरू देऊ नये. पोटऱ्यांखाली लांब उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवणे किंवा माकडहाडाखाली रबरी रिंग देणे या दोन्ही गोष्टी अजून सर्रास चालतात आणि दोन्ही अपायकारक आहेत, कारण रिंगेच्या कडेचा दाब मधल्या जागेचा रक्तपुरवठा उलट कमी करतो. लाल झालेली जागा जोरजोरात चोळणे, तिच्यावर स्पिरिट आणि पावडर लावणे हेही आता चुकीचे मानले जाते. पलंगाची डोक्याकडची बाजू दिवसभर उंच करून ठेवली की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले मांस हाडाबरोबर सरकते. या ताणाने झालेली इजा दाबापेक्षाही वाईट. जेवताना मात्र शक्य तितके सरळ बसवलेच पाहिजे आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसेच ठेवले पाहिजे, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. तेव्हा केव्हा उंच आणि केव्हा सपाट, हे कळणारे माणूस हवे. नुसती हँडल फिरवणारा पलंग घेऊन भागत नाही.

तेच एअर बेडबद्दल. देणगीदार हौसेने एअर बेड देतात आणि तो आला की कूस बदलण्याचे काम संपले असा समज होतो. एअर बेडमुळे धोका कमी होतो, वळवण्याची गरज संपत नाही. शिवाय त्याचा पंप विजेवर चालतो. ऐन उन्हाळ्यात वीज गेली आणि हवा उतरली की खालच्या फळीवर माणूस टेकतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गादीखाली तळहात घालून, माकडहाडाच्या जागी वर पुरेशी हवा लागते की हाडच हाताला लागते, एवढे रोज दोनदा पाहणे सहज जमण्यासारखे आहे.

आपल्या शहराचा उन्हाळा हा या प्रश्नात वेगळा विचार करण्याचा भाग आहे. पारा चाळिशीच्या वर असताना मेणकापडावर किंवा रेग्झिनवर झोपलेल्या माणसाची पाठ घामाने सतत ओली राहते, त्यात डायपर सहासात तास बदललेले नसते, आणि भिजून नरम पडलेली कातडी जराशा घर्षणाने सोलते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात चादरी वारंवार धुणे हेही संस्थांना जड जाते, हे मी मान्य करते. पण उपाय इथेच पिकतो. सोलापुरी टॉवेल घाम चांगला टिपतो. मेणकापडावर टॉवेल आणि त्यावर धुऊन मऊ झालेली साधी सुती चादर, सुरकुती न ठेवता ताणून घातली, तर पुष्कळ फरक पडतो. आपली प्रसिद्ध सोलापुरी चादर मात्र उघड्या पाठीखाली घालू नये. तिची उठावदार वीण नाजूक कातडीला टोचते. ती घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घातली आणि दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरल्या, तर माणसाला न घासता उचलून वर सरकवायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. हे काम झाले की ती काढून घ्यावी. टॉवेलची गुंडाळी हातात, घोट्याशी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधार म्हणून देता येते. परदेशी बनावटीच्या महागड्या आधार-उशांची आपल्याला फारशी गरज नाही.

उचलण्याबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण जखमा होतात तशी हाडेही इथेच निखळतात. काखेत हात घालून ‘उठा आजोबा’ म्हणत ओढून उभे करणे ही सार्वत्रिक पद्धत आहे. ज्या बाजूला लकवा मारलेला असतो त्या बाजूच्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. तो हात धरून ओढला की सांधा निसटतो आणि मग आयुष्यभर दुखत राहतो. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची माणसाच्या बळकट बाजूला लावावी, व्हीलचेअरचे ब्रेक लावावेत, त्याला आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोनचार मिनिटे बसू द्यावे म्हणजे एकदम रक्तदाब उतरून चक्कर येणार नाही, आणि मग कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून, आपले गुडघे वाकवून, त्याच्याबरोबर उठावे. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या आजोबांना ऐकू कमी येते, आणि शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगूभाषक आजींना आजारपणात मराठी विसरून तेलुगूच तेवढे आठवते. पाठीमागून येऊन अचानक वळवले की ही माणसे घाबरून अंग ताठ करतात आणि मग ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा बसतो. समोर येऊन, हात धरून, खुणेने सांगून मग हलवावे, आणि ‘नोप्पि’ म्हणजे दुखते, एवढे तरी तेलुगू सांभाळ करणाऱ्या मावशींना शिकवावे.

या मावशींचीही बाजू आहे. साठपासष्ट किलोच्या माणसाला एकटीने दिवसातून आठदहा वेळा हलवणारी बाई चाळिशीतच कंबर धरून बसते. तिला हे काम कोणी शिकवलेले नसते, पगार धुणेभांडी करणाऱ्या बाईपेक्षा फारसा वेगळा नसतो, आणि रात्रपाळीला ती वीस जणांच्या दालनात एकटी असते. हिशेब साधा आहे. वीसपैकी आठ जण स्वतः वळू शकत नसतील आणि एकाला नीट वळवून, ओले असेल ते बदलून, उशा लावायला दहा मिनिटे लागत असतील, तर एक फेरी ऐंशी मिनिटांची होते, तीही दोघी असतील तर. एकटीला ते शक्यच नाही. म्हणून ती वळवत नाही. आणि सकाळी नोंदवही असेलच तर तिच्यात दहा, बारा, दोन, चार अशा सरळ रांगेत बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. त्या बाईला दोष देऊन काहीच साधणार नाही. रात्रपाळीला दोन माणसे नसलेल्या केंद्राने अंथरुणाला खिळलेले निवासी घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवण्याचा विषय असाच दुर्लक्षित आहे. एका केंद्रात मी पाहिले ते सांगते. केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे दृश्य इतरत्रही दिसते. दुपारच्या वेळी व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक आजी बसवलेल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे त्या सारख्या पुढे घसरत होत्या, आणि घसरू नयेत म्हणून छातीभोवती ओढणी घेऊन खुर्चीच्या पाठीला गाठ मारलेली होती. ओढणी वर सरकत सरकत काखेपर्यंत आली होती. आजींना सकाळच्या चहाला बसवले होते असे कळले. मी एक पाट मागून घेतला, त्यावर पाय टेकवले, कंबर मागे सरकवून दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल लावले. ओढणीची गरज उरली नाही. माणूस खुर्चीत असला म्हणजे त्याची हालचाल झाली असे नव्हे. बसल्यावर सगळा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो आणि तिथला दाब झोपलेल्या स्थितीपेक्षाही जास्त असतो. ज्याला स्वतः पुढे-बाजूला झुकून भार हलवता येत नाही, त्याला बैठकीखाली चांगली जाड फोमची गादी हवी आणि साधारण तासाभराने परत आडवे करायला हवे. मधल्या कापडाला झोळ पडलेल्या व्हीलचेअरमध्ये गुडघे एकमेकांवर आदळतात आणि कणा वाकडा होतो. खाली एक फळी आणि वर गादी टाकली की ते टळते.

सांध्यांचेही तसेच. आपल्याकडच्या वृद्ध स्त्रियांमध्ये विडी कामगार पुष्कळ आहेत. मांडीवर सूप घेऊन, एका जागी मांडी घालून दिवसभर विड्या वळण्यात ज्यांची चाळीस-पन्नास वर्षे गेली, त्यांचे गुडघे आणि खुबे आधीच कडक झालेले असतात. अंथरुणाला खिळल्यावर त्या गुडघे पोटाशी घेऊन पडतात, कोणी तरी दयेने गुडघ्याखाली कायमची उशी देते, आणि थोड्याच दिवसांत पाय सरळ होणे बंद होते. पुढे डायपर बदलतानाही मांड्या उघडत नाहीत. लकवा मारलेल्या हाताची मूठ उघडून पाहिली तर आत वाढलेली नखे तळव्यात रुतलेली, कातडी पांढरी पडून भिजलेली आणि कुबट वास येणारी अशी मिळते. कोमट पाण्यात हात बुडवून, मनगट आधी आतल्या बाजूला वाकवले की बोटे आपोआप थोडी सैल होतात, मग एकेक उलगडावे, पुसून कोरडे करावे आणि रुमालाची गुंडाळी द्यावी. प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा, दुखेल तिथे थांबून, हळूहळू पूर्ण फिरवणे एवढेच हे काम आहे, आणि ते अंघोळ घालताना, कपडे बदलताना होऊ शकते.

ज्यांना थोडेफार चालता येते त्यांना पडतील या भीतीने पलंगावरच बसवून ठेवणे हाही एक प्रकारचा अपायच आहे. धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. मग आधीच काटकुळ्या झालेल्या आजोबांचे काय होत असेल? पडण्याची भीती असेल तर रात्री शौचालयापर्यंतच्या वाटेवर दिवा, भिंतीला धरायला दांडा, पायात घसरणारी स्लिपर नको, आणि ठरावीक वेळी कोणी तरी बरोबर नेणारे, एवढे करावे.

शासनाच्या योजना आहेत. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठ्या, वॉकर, व्हीलचेअर देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. परंतु वाटपाच्या शिबिरात साधन मिळते, मापे घेऊन बसवून दिले जात नाही. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. ती छातीशी आली तर खांदे वर चढतात, गुडघ्याकडे आली तर माणूस वाकून चालतो. काठी अधू पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे सांगितले नाही तर बहुतेक जण ती त्याच बाजूला धरतात. आश्रमांच्या अडगळीत धूळ खात पडलेल्या वॉकरांमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

कायद्याची बाजू अधिक ढिली आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे म्हटले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या निवासी केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा दिल्लीची वाट न पाहता जिल्हा प्रशासन आणि समाजकल्याण विभाग यांनी एवढे करावे: जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्राकडून, स्वतः न हलू शकणारे निवासी किती आणि रात्रपाळीला माणसे किती, एवढीच माहिती दर तीन महिन्यांनी मागवावी. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना जागेवर जाऊन भेट देण्याची आणि सांभाळणाऱ्यांना शिकवण्याची तरतूद आहे. तिच्यात वृद्धाश्रमही धरावेत. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातील परिचर्या महाविद्यालये यांनी विद्यार्थ्यांच्या पाळ्या इथे लावल्या तर मावशींना शिकायला मिळेल आणि विद्यार्थ्यांनाही बेडसोर पुस्तकाबाहेर दिसेल.

देणगीदारांना एक विनंती आहे. वाढदिवस आणि पुण्यतिथीच्या निमित्ताने फळे, मिठाई आणि ब्लँकेटे पुष्कळ येतात. मधुमेह असलेल्या आजींपुढे पेढ्यांचे बॉक्स ठेवून छायाचित्रे निघतात. त्याऐवजी रात्रपाळीच्या एका मावशीचा वर्षाचा पगार द्यावा, बारा चांगल्या उशा द्याव्यात, व्हीलचेअरच्या चार गाद्या द्याव्यात. आपल्या दैनिकाने अशा देणग्यांच्या बातम्या छापताना त्या संस्थेत रात्री किती माणसे कामावर असतात, हेही विचारून छापले, तर पुढचा देणगीदार आपोआप तिकडे वळेल.

नातेवाइकांनी भेटीला जाताना शक्यतो न कळवता आणि दुपारी तीन किंवा रात्री नऊच्या सुमारास जावे. चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड स्वतः पाहावे, हात लावावा, तळहाताची मूठ उघडून पाहावी. मागच्या खेपेला आई डाव्या कुशीवर होती आणि आजही तशीच असेल तर कूस बदलल्याची नोंदवही मागावी, आणि ती दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवस्थापकांना लेखी द्यावे. तरीही दखल घेतली गेली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची निःशुल्क मदतवाहिनी आहे. तिथे तक्रार करताना केंद्राचा पत्ता, निवासीचे वय, जखम कोणत्या जागी आहे आणि कधी दिसली, एवढे लिहून जवळ ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला काम करता येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)